लिओ बेकलंड आणि गॅसच्या दिव्याचा कागद

बेल्जम देशातील गेंट या शहरी १४ नोव्हेंबर १८६३ रोजी लिओ बेकलंड याचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. आईने परक्यांच्या घरी राबून दिवस काढले होते. आपल्या मुलाने शिकावे हा ध्यास तिनेच घेतला. लिओ दिवसा शाळेत जाई, रात्री तंत्रशाळेत रसायनशास्त्राचे पाठ घेई आणि उरलेला वेळ छायाचित्रणाच्या नादात घालवी.

या नादाला सिल्व्हर नायट्रेट नावाचे रसायन लागे. ते महाग, आणि लिओचा खिसा रिकामा. वडिलांनी दिलेल्या घड्याळाला चांदीची साखळी होती. ती त्याने नत्राम्लात विरघळविली! साखळीच्या चांदीत तांब्याचा हीण होता. तो निराळा काढल्याखेरीज रसायन कामाचे नव्हते. तो खटाटोपही त्याने तडीस नेला. घड्याळ बिनसाखळीचे झाले खरे, परंतु पदार्थ शुद्ध कसा करावा याचा धडा त्याला कोणत्याही वर्गात इतका पक्का मिळाला नसता.

नगराने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो गेंट विद्यापीठात शिकला आणि १८८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, डॉक्टर झाला. छायाचित्रणाचा छंद मात्र सुटला नाही. त्या काळी काचेवर घेतलेले चित्र उमटविण्यासाठी प्रत्येक छायाचित्रकाराला नाना रसायने तोलून, पाण्यात कालवून विकासक द्राव तयार करावा लागे. ही रसायने काचेलाच लावून ठेवली, तर ती काच नुसत्या पाण्यात बुडविताच चित्र उमटेल, असे बेकलंडने ताडले. १८८७ साली त्याने या युक्तीचे पेटंटही घेतले. युक्ती नामी होती, पण तिचा धंदा काही जमला नाही.

१८८९ साली आपल्या प्राध्यापकांची कन्या सेलिन स्वार्ट्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर प्रवासाच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेस गेला आणि तेथेच राहिला. प्रथम न्यूयॉर्कमधील एका छायाचित्रण कंपनीत त्याने नोकरी धरली. पुढे ती सोडून स्वतंत्रपणे शोध लावू लागला. एकाच वेळी अनेक कल्पनांच्या मागे धावल्यामुळे पैसा संपला, कर्ज झाले, आणि त्यातच तो मरणाच्या दारी नेणाऱ्या दुखण्याने अंथरुणास खिळला. तेथे पडल्या पडल्या त्याने आपल्या साऱ्या कल्पना मनात तपासल्या आणि लवकरात लवकर फळ देईल अशी एकच हाती घेण्याचे ठरविले. ती कल्पना छायाचित्राच्या कागदाची होती.

छायाचित्रे तेव्हा बहुधा सूर्यप्रकाशात छापली जात. काचेवरील उलट्या चित्राखाली कागद ठेवून ती चौकट उन्हात मांडावयाची आणि कागदावर चित्र उमटेपर्यंत वाट पाहावयाची. आभाळ भरून आले की काम बंद! दुसऱ्या प्रकारचे, ब्रोमाइडचे, कागद दिव्याच्या प्रकाशातही छापता येत. पण ते इतके हळवे असत की, त्यांना तांबड्या दिव्याची अंधारी खोलीच हवी. बेकलंडने सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेला असा कागद सिद्ध केला, की गॅसच्या दिव्याजवळ धरला म्हणजे तो छापला जाई आणि त्याच दिव्यापासून दूर, मंद उजेडात, त्याचे चित्र निर्धास्तपणे विकासक द्रावात उमटविता येई. कागदाचे नाव व्हेलॉक्स. लेनर्ड जेकोबी या भागीदाराच्या साहाय्याने न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे त्याने नेपेरा केमिकल कंपनी काढली. नेमक्या त्याच सुमारास, १८९३ साली, अमेरिकेत मोठी मंदी आली.

मंदीपेक्षाही मोठी अडचण निराळीच होती. कागदासोबत छापील सूचना दिलेल्या असत. परंतु धंदेवाईक छायाचित्रकारांना त्या वाचण्यात कमीपणा वाटे. उन्हात छापण्याची सवय जडलेले हे लोक आपल्याच रीतीने काम करीत आणि चित्र बिघडले की कागदाला दोष देत.

विकासक द्राव ही हयगय खपवून घेणारी वस्तू नव्हे. अशा कागदासाठी पुढे रूढ झालेल्या द्रावाचेच उदाहरण घ्या. त्यात मेटॉल, सोडियम सल्फाइट, हायड्रोक्विनोन, सोडा आणि किंचित पोटॅशियम ब्रोमाइड असते. सारी साधी पांढरी पूड. पण प्रत्येकीचा क्रम ठरलेला. कोमट पाण्यात प्रथम मेटॉल विरघळवावे, कारण सल्फाइटच्या दाट द्रावात ते नीट विरघळत नाही. मग सल्फाइट घालावे. ते हवेपासून द्रावाचे रक्षण करते. त्यानंतर हायड्रोक्विनोन, आणि ते पूर्ण विरघळल्यावर सोडा. सल्फाइट पडण्यापूर्वीच सोडा टाकला, तर पाणी बघता बघता तपकिरी होते आणि द्राव वाया जातो. शेवटी ब्रोमाइड; ते नसेल तर चित्राच्या शुभ्र भागावर करडी झाक चढते. एक पूड विरघळल्यावाचून दुसरी टाकू नये, आणि तयार द्राव सुमारे २० अंश सेंटिग्रेडपर्यंत निवू द्यावा. तो फार थंड असला तर काळे भाग फिके राहतात, फार ऊन असला तर सारे चित्र मळकट होते. बाटली गळ्यापर्यंत भरून घट्ट बुचाने बंद केली नाही, तर आतली हवाच द्राव नासून टाकते. वरवर पाहता प्रत्येक चूक कागदाचीच भासते!

बेकलंडला तारले ते हौशी लोकांनी. त्यांना जुन्या सवयी नव्हत्या, म्हणून ते सूचना वाचीत आणि तंतोतंत पाळीत. त्यांची चित्रे उत्तम येऊ लागली. पुढे धंदेवाईकांनाही हा कागद पत्करावा लागला. १८९९ साली कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी नेपेरा कंपनी साडेसात लाख डॉलरना विकत घेतली.

बेकलंड आता श्रीमंत झाला, पण स्वस्थ बसला नाही. याँकर्स येथील घराच्या आवारात त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली. कार्बोलिक आम्ल व फॉर्मॅल्डिहाइड यांच्या संयोगाने १९०७ साली तेथे बेकेलाइट निर्माण झाले. पुढे जगभर घरोघरी विजेची बटणे त्याच पदार्थाची बसली. १९३४ साली कोडॅकने मुलांच्याही हाती देता येईल असा एक स्वस्त कॅमेरा विक्रीस काढला. त्याची पेटी बेकेलाइटची होती, आणि व्हेलॉक्स कागदही तेव्हा कोडॅकच्याच कारखान्यात तयार होत होता. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन या गावी बेकलंडचे देहावसान झाले.