ट्रकच्या नोझलमागचा माणूस : रॉबर्ट बॉश

माझं गाव पुणतांबा. गोदावरीचा काठ, चांगदेव महाराजांची समाधी आणि आजूबाजूला ऊसच ऊस. काकांचा एक जुना ट्रक हंगामात ऊस ओढतो. मागच्या हंगामात मी गावी बसून ऑफिसचं काम करत होतो, तेव्हा हा ट्रक काळा धूर ओकायला लागला. सकाळी लवकर स्टार्ट होईना, ॲव्हरेज पडलं. हंगामात गाडी उभी राहिली की हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न असतो.

मिस्त्रीने इंजेक्टर काढून टेस्टरवर लावले. चांगल्या नोझलमधून डिझेलचं अगदी बारीक धुकं निघतं. आमच्या दोन नोझल चक्क थेंब थेंब गळत होत्या. दोनच महिन्यांपूर्वी काकांनी त्या स्वस्तात मिळाल्या म्हणून टाकल्या होत्या. डब्यावरचं नाव ओळखीचं, आतला माल डुप्लिकेट. इंजिनिअरिंगची डिग्री असून मला नोझल आतून कशी असते हे माहीत नव्हतं, म्हणून त्या रात्री वाचत बसलो. वाचता वाचता जो माणूस सापडला, त्याची ही गोष्ट.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत अकरावे. वडील शेती करायचे आणि खानावळही चालवायचे. शाळेत रॉबर्टचं फार मन रमलं नाही. उल्मला बारीक यंत्रांच्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून राहिले, पण उस्ताद बहुतेक वेळ जागेवर नसायचा. हे वाचून मला माझी इंटर्नशिप आठवली. पुढे त्यांनी बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या, अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडेसुद्धा.

15 नोव्हेंबर 1886 ला त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप काढलं. माणसं किती? एक कारागीर आणि एक वरकामाचा पोऱ्या. टेलिफोन बसवा, विजेची घंटा दुरुस्त करा, असली किरकोळ कामं. गिऱ्हाइकांकडे बॉश सायकलवर जायचे, आणि तेव्हा सायकल म्हणजे नवलाईची गोष्ट होती. सुरुवातीची काही वर्षं कर्ज आणि काळजीतच गेली.

मॅग्नेटो या वस्तूने त्यांना वर काढलं. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते, आणि ती ठिणगी बॅटरीशिवाय तयार करणारं यंत्र म्हणजे मॅग्नेटो. ते त्यांनी 1887 मध्ये एका जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलं आणि 1897 मध्ये गाडीवर बसवलं. 1902 मध्ये त्यांच्याकडच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्यासोबत स्पार्क प्लग तयार केला. मग काय, जगभरच्या गाड्यांत बॉशची ठिणगी. 1906 मध्ये त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. इतर कारखानदारांना ते मुळीच रुचलं नाही. पैसा बुडाला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास जाता कामा नये, ही त्यांची धंद्यातली ठाम भूमिका होती.

आता डिझेलकडे वळू. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्येच यशस्वी झालं होतं. पण त्यात इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची, आणि ती हवा दाबायला जडशीळ कॉम्प्रेसर. जहाजात, कारखान्यात ते चालून गेलं. ट्रकवर एवढं ओझं कोण वाहणार? 1913 मध्ये समुद्रप्रवासात रुडॉल्फ डिझेल बोटीवरून बेपत्ता झाले, तोपर्यंत हा प्रश्न सुटला नव्हता. 1920 च्या दशकात कॉम्प्रेसरशिवाय थेट डिझेल फवारणारे ट्रक दिसू लागले, पण भरवशाचे पंप आणि नोझल हजारांच्या संख्येने बनवणार कोण?

इथे बॉश यांचा निर्णय मला सगळ्यात धाडसाचा वाटतो. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. म्हणजे ज्या मालावर कंपनी मोठी झाली, त्याची गरजच संपवणारं हे इंजिन. तरीही 1922 मध्ये त्यांच्या कंपनीने डिझेल पंपावर काम सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा मुलगा दीर्घ आजाराने गेला होता. मधे 1925-26 ची मंदी आली, विक्री घसरली, माणसं कमी करावी लागली. पंपाचं काम मात्र चालू राहिलं आणि 1927 च्या अखेरीस पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले.

यात अवघड काय होतं, ते आमच्या गळक्या नोझलकडे बघून कळलं. नोझलमध्ये एक सुई असते आणि तिचं घर. दोघांमधली फट साधारण 2-3 मायक्रॉन. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, बघा. सुई आणि घर जोडीनेच घासून बसवतात, म्हणून एकीची सुई दुसरीत घालायची नाही. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक नोझल मिनिटाला 1000 वेळा उघडते आणि मिटते. डिझेलमध्ये कचरा किंवा पाणी आलं की झीज वाढते, सुई नीट बसत नाही, थेंब गळतो, अर्धवट जळतो आणि काळा धूर येतो.

बॉश यांच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धात कंपनीने भरपूर कमावलं. त्या पैशाची त्यांना लाज वाटली आणि त्यातला मोठा भाग त्यांनी दान केला. हिटलरच्या काळात त्यांनी ज्यूंना आणि हिटलरच्या विरोधकांना मदत केली, पण त्याच काळात कंपनी युद्धसामग्री बनवत होती आणि कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूरही राबले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1940 मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये हॉस्पिटल सुरू केलं. 12 मार्च 1942 ला ते गेले.

1951 मध्ये बंगळूरमध्ये त्यांच्या कंपनीच्या साथीने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली मायको, सुरू झाली. नाशिकचं मायको सर्कल तिच्याच नावाचं. तिथल्या सातपूरच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात. म्हणजे पुणतांब्याहून कोपरगावमार्गे काही तासांच्या अंतरावर हा पार्ट तयार होतो, आणि आम्ही त्याची नक्कल टाकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सगळ्या नोझल नव्या टाकल्या, प्रत्येकीचं प्रेशर टेस्टरवर लावून घेतलं, खालचे कॉपर वॉशरही बदलले. जुने वॉशर पुन्हा बसवले तर गॅस लीक होतो, असं तो म्हणाला. डिझेल फिल्टर तर बदललाच. तुम्ही घेताना डब्यावर कोड असेल तर फोनवर स्कॅन करून बघा. काकांनी या वेळी पक्कं बिल घेतलं आणि संध्याकाळी ट्रक कारखान्याच्या रांगेत लागला.