जॉन वेस्ली व बाराजणांचा वर्ग

संस्था स्थापन करणे कठीण खरे. परंतु ती जिवंत राखणे त्याहून कठीण, याचा अनुभव ज्ञातिसंस्थांतून वावरणाऱ्या प्रत्येकास आहे. वार्षिक सभेस तीच ती दहापाच मंडळी दिसतात, कामाचा भार तीच वाहतात, आणि बाकीचे वर्गणी दिली की आपण कर्तव्यातून मोकळे झालो असे समजतात. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील ख्रिस्ती मंडळ्यांना हाच रोग जडला होता. त्यावर उपाय करणाऱ्या जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाचे अल्प चरित्र म्हणूनच ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. चरित्रनायक परधर्मी व परदेशस्थ आहे. परंतु चांगली विद्या कोणाकडूनही घ्यावी, ही आपल्याकडचीच शिकवण होय.

जॉन वेस्ली यांचा जन्म लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी जून १७०३ मध्ये झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक. मातोश्री सुझॅना यांना एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी बरीच बालपणीच निवर्तली. जॉन हे पंधरावे. ते पाच वर्षांचे असता, १७०९ साली, घरास आग लागली. सर्व बाहेर पडले, हे बालक मात्र माडीवर अडकले. शिडी आणण्यास अवकाश नव्हता. तेव्हा शेजाऱ्यांपैकी एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि त्याने खिडकीतून मुलास खाली घेतले. पाठोपाठ छप्पर कोसळले. आपला जीव ईश्वराने काही कार्यासाठी राखला, ही भावना वेस्ली यांच्या मनात आजन्म राहिली.

दुसरा संस्कार मातेचा. १७१२ च्या सुमारास सॅम्युएल कामानिमित्त लंडनला असताना सुझॅनाबाई रविवारी सायंकाळी स्वयंपाकघरात मुलाबाळांस व नोकरांस जमवून प्रार्थना करीत व धर्मग्रंथ वाचून दाखवीत. शेजारीपाजारी येऊ लागले आणि पाहता पाहता ही संख्या दोनशेच्या घरात गेली. देवळातील मदतनीस पाळकास हे रुचले नाही. त्याने तक्रार केली. पतीने हे बंद करावे असे सुचविले. बाईंनी नम्रपणे पण ठामपणे कळविले की, बंद करावयाचे तर स्पष्ट आज्ञा द्यावी आणि त्याचा जाब ईश्वरापुढे आपणच द्यावा. तशी आज्ञा आली नाही. आठनऊ वर्षांच्या जॉनने हे सारे पाहिले. दीक्षा न घेतलेली एक गृहिणीही मंडळीस जागे करू शकते, हा धडा त्यांना घरीच मिळाला.

पुढे ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यास करून वेस्ली यांनी १७२८ साली पाळकपदाची पूर्ण दीक्षा घेतली. बंधू चार्ल्स व काही मित्र यांच्यासह ते नियमाने प्रार्थना व अध्ययन करीत आणि तुरुंगातील कैद्यांचा समाचार घेत. या काटेकोरपणामुळे लोकांनी थट्टेने त्यांना मेथडिस्ट म्हणजे पद्धतवाले असे नाव दिले; तेच पुढे सन्मानाचे ठरले. १७३५ साली ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेले, पण तेथे अपयश पदरी घेऊन परतले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत त्यांच्या मनास श्रद्धेची खरी प्रचीती आली. पुढील वर्षी ब्रिस्टल येथे, स्नेही जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे अनुकरण करून, त्यांनी उघड्या माळावर उपदेशास प्रारंभ केला. जवळच्या किंग्जवुड भागातील कोळशाच्या खाणींतील मजूर हजारोंनी ऐकावयास येत.

परंतु ऐकणे म्हणजे वागणे नव्हे. त्या काळी सामान्य माणसाने देवळात येऊन बसावे, ऐकावे व घरी जावे, एवढाच रिवाज बहुतेक ठिकाणी पडला होता. याला उतारा मिळाला तो मात्र एका हिशेबाच्या सभेत. ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज झाले होते. ते कसे फेडावे याचा विचार करण्यास फेब्रुवारी १७४२ मध्ये सभासद जमले. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. गरिबांस तेही जमणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा फॉय म्हणाले की, अत्यंत गरीब असे अकराजण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन आणि जे कमी पडेल ते पदरचे भरीन. इतरांनीही तसेच पत्करले.

कर्जफेडीची सोय झालीच. पण त्याहून मोठा लाभ अनपेक्षितपणे झाला. पेनी मागण्यास गेलेल्या माणसास घरोघरचे खरे वर्तमान कळू लागले. कोण आजारी, कोण बेकार, कोण व्यसनाकडे वळला, कोणाच्या घरी कलह चालू आहे. वेस्ली यांच्या चटकन ध्यानी आले की, आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच. त्यांनी सर्व सभासदांचे सुमारे बाराजणांचे एकेक वर्ग पाडले व प्रत्येकास एक वर्गप्रमुख नेमला. पुढे घरोघर फिरण्याऐवजी वर्गाने आठवड्यातून एकदा एकत्र जमावे असे ठरले. तेथे प्रत्येकाने आपली स्थिती सांगावी, इतरांनी धीर द्यावा, प्रसंगी कानही उघडावेत. वर्गप्रमुखांत कारागीर होते, दुकानदार होते, स्त्रियाही होत्या. सभासदत्वाचे तिकीट दर तीन महिन्यांनी नवे होई. जो कुचराई करी त्यास ते मिळत नसे.

दीक्षा नसलेल्याने उपदेश करावा हे प्रथम वेस्ली यांनाही रुचले नव्हते. थॉमस मॅक्सफील्ड नावाच्या तरुणाने लंडनमध्ये तसे आरंभिल्याचे कळताच ते संतापून परतले. परंतु वृद्ध मातेने, आधी त्याचे ऐका आणि मग ठरवा, असे बजावले. त्यांनी ऐकले, आणि विरोध सोडला. तेथून शेकडो सामान्य माणसे उपदेशक झाली. लंडनमध्ये १७४६ साली गरिबांसाठी औषधालय आणि लहान कर्जाचा निधी सुरू झाला. वीस शिलिंगांपर्यंत रक्कम मिळे व ती तीन महिन्यांत फेडावयाची असे. आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम सभासदांतच वाटून दिले होते. उपासनेतील गायनाविषयीही वेस्ली यांनी १७६१ साली नियम छापले. सर्वांनी गावे, मोकळ्या कंठाने गावे, पण आपलाच आवाज वर काढून इतरांस बुडवू नये, असा त्यांचा आशय आहे. सार्वजनिक कार्यासाठी याहून चांगला नियम मला तरी ठाऊक नाही.

वेस्ली निर्दोष होते असे नाही. कारभार त्यांनी अखेरपर्यंत आपल्याच हाती ठेवला, आणि संसारात त्यांना सुख लाभले नाही. परंतु आपल्या पद्धतीची परीक्षा ते डोळसपणे घेत. १७६३ साली वेल्समधील पेंब्रोकशायर येथे त्यांना आढळले की, जेथे वर्षानुवर्षे नुसता उपदेश झाला, पण वर्ग बांधले गेले नाहीत, तेथे जागे झालेल्यांपैकी बहुतेक पुन्हा निद्रिस्त झाले होते. व्हाइटफील्ड हे वेस्लींहून थोर वक्ते गणले जात. पण त्यांनी वर्गांची अशी बांधणी केली नाही, आणि त्यांच्या श्रोत्यांचा समुदाय टिकला नाही.

२ मार्च १७९१ रोजी लंडन येथे, वयाच्या ८७ व्या वर्षी, वेस्ली यांनी देह ठेवला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांना धीराचे पत्र लिहिले होते. त्या समयी ब्रिटनमध्ये त्यांच्या संघांचे ७० हजारांहून अधिक सभासद होते.

ज्ञातिबांधवहो, आपल्याकडेही वर्गणी गोळा करणारा घरी येतो. पावती फाडून तो उंबऱ्यावरूनच परततो, आणि आपणही त्यास आत बोलावीत नाही. कप्तान फॉय तेवढ्याच कामासाठी अकरा घरी गेले. पण त्यांनी तेथे बसून विचारपूस केली. आपल्यातील प्रत्येक कार्यकर्त्याने अकरा घरे वाटून घेतली, आणि प्रत्येक घराने त्यास बसावयास पाट दिला, तर कोणत्या मुलाची फी अडली आहे आणि कोणत्या विधवा भगिनीस आधार हवा आहे, हे समजण्यास वार्षिक सभेची वाट पाहावी लागणार नाही. पुढील स्मरणिका निघेपर्यंत आपल्या वाट्याची अकरा घरे कोणती, एवढे तरी आपण प्रत्येकाने ठरवावे, ही विनंती.