शेवाळाचं नाव-गाव सांगणारा इंजिनीअर

अलिबाग-चौलच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तळ्याचं फारसं कौतुक नसतं. चौलात पूर्वी ३६० देवळं आणि ३६० तळी होती, असं जुनी माणसं सांगतात. मोजायला कोणी गेलं नसेल. पण आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशा रस्त्याने निघालं की वाड्यांच्या आड एखादं तळं अजून दिसतंच. त्यात काय उगवतं म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं असतं: शेवाळ. कमळ सोडलं तर पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या वस्तूला आपण याच एका नावाने हाक मारतो.

माझ्या घरात गेली काही वर्षं फिश टँक आहे. मासे हे निमित्त, जीव खरा त्यातल्या झाडांवर. ही झाडं मी गावच्या तळ्यातून आणि भातखाचरातून आणतो. त्यांची नावं शोधता शोधता ज्या गृहस्थाशी माझी ओळख झाली, तो १९१० सालीच वारला. त्याचं नाव थिओडोर कूक.

पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजाचा जुना इतिहास वाचलेल्यांना हे नाव ठाऊक असेल. कूक हा आयर्लंडचा. १८३६ साली ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी जन्मलेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८६० साली तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत इंजिनीअर म्हणून मुंबई इलाख्यात आला. वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल हे त्याचं गाजलेलं काम. १८६५ साली सरकारने त्याला पुण्याच्या सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल केलं. वय अवघं एकोणतीस! त्या खुर्चीवर तो पुढे अठ्ठावीस वर्षं बसला. विश्वेश्वरय्या १८८३ साली इथूनच पास होऊन बाहेर पडले, तेव्हा प्रिन्सिपॉल कूकसाहेबच होते.

असा माणूस गवताच्या काड्या का मोजत बसला? त्या काळी हे कॉलेज पुढे 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं होतं, तिथे शेती आणि जंगल यांचेही वर्ग चालत. इंजिनीअरला लाकूड आणि दगड दोन्ही ओळखता आले पाहिजेत, असा तो जमाना. पण नोकरीची गरज एवढंच कारण मला पटत नाही. गरजेपुरतं शिकणारा माणूस निवृत्तीनंतर पंधरा-सोळा वर्षं त्याच कामाला जुंपून घेत नाही.

१८९१ साली पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पती-सर्वेक्षणाचा कारभार त्याच्याकडे आला. दोनच वर्षांनी तो निवृत्त होऊन विलायतेला गेला. लंडनच्या इंपीरिअल इन्स्टिट्यूटमध्ये १८९६ पर्यंत नोकरी केली आणि मग क्यू येथे घर करून तिथल्या वनस्पतिसंग्रहालयात जाऊन बसू लागला. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सात भागांत निघाला. पहिला भाग आला तेव्हा कूक पासष्टीचा होता, शेवटचा आला तेव्हा बहात्तरचा. सिंधपासून कारवारपर्यंतची झाडं त्यात आहेत, आपला कोकण तर आहेच. ५ नोव्हेंबर १९१० रोजी क्यू येथेच तो गेला.

म्हणजे आपल्या तळ्यातल्या झाडांची ओळखपत्रं एक म्हातारा माणूस हजारो मैलांवर, थंडीत, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांवरून लिहीत होता. नमुना स्वतः पाहिला असेल तर गोळा करणाऱ्याच्या नावापुढे तो उद्गारचिन्ह टाकी. स्टॉक्स, लॉ, डाल्झेल, बर्डवुड अशी साहेबांची रांग लागते आणि त्यांच्यामध्ये एक नाव येतं, भिवा. त्याला आडनाव नाही, हुद्दा नाही. पण उद्गारचिन्ह मात्र न्यायाधीश बर्डवुडच्या नावापुढे आहे तेच भिवाच्याही नावापुढे. हा भिवा माथेरान-खंडाळ्याच्या रानांतून झाडं आणत असे. ग्रंथ चाळताना माझं बोट त्या नावावर हटकून थांबतं.

पाणवनस्पतींच्या बाबतीत मात्र या ग्रंथाची अडचण होते. पाण्याबाहेर काढलं की ही झाडं ओल्या फडक्यासारखी लोळागोळा होतात. परातीतल्या पाण्यात तरंगत ठेवून खालून कागद सरकवून उचलली तरच आकार टिकतो. वाळक्या कागदावर रंग नाही, पाण्याखालची ऐट नाही. शिवाय सगळी ओळख फुलावर. इथे फिश टँक कामी येतो.

एका श्रावणात मी खाचरातून गवतासारखा एक झुबका आणला. पाहणारा प्रत्येक जण त्याला व्हॅलिस्नेरिया म्हणे. पण व्हॅलिस्नेरियाचं पान पट्टीसारखं, टोकाला बोथट, आणि बुडातून धावती खोडं निघून शेजारी पिल्लं उगवतात. याचं पान टोकाला निमुळतं होत गेलेलं, पिल्लांचा पत्ता नाही. दसऱ्याच्या सुमारास लांब दांड्यासारख्या नळीवर तीन बारीक पांढऱ्या पाकळ्या पाण्यावर आल्या आणि कूकची पानं उलटून कूळ लागलं: ब्लिक्सा. पुढे जात ठरवायला बी बघावं लागतं, गुळगुळीत की काटेरी. त्यासाठी आणखी थांबलो.

काही ओळखी सोप्या आहेत, मुलांनाही जमतील. हायड्रिलाची पानं एका गाठीवर तीन ते आठ, कडा करवती, बोट फिरवलं तर खरखर लागते. सेराटोफायलमला मुळंच नसतात आणि पान शिंगासारखं दुभंगतं. लिम्नोफिलाची पाण्याखालची पानं बडीशेपेच्या झाडासारखी बारीक चिरलेली, पाण्याबाहेरची अखंड. चुरडून वास घ्या, कळेल.

आणताना एखादी फांदी आणावी, अख्खा गड्डा उपटू नये. घरी फिकट गुलाबी परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी. नाहीतर गोगलगायी येतात, आणि चतुराच्या अळ्या लहान मासे फस्त करतात. खाली वाळू नदीची जाडसर घालावी. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याच्या चुन्याने पाणी जड होतं आणि नाजूक झाडं कुजतात. क्रिप्टोकोरिनची पानं जागा बदलल्यावर विरघळून जातात. तिला फेकू नका, कंद जिवंत असतो.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कूकचा ग्रंथ १९५८ साली पुन्हा छापला. माझ्याकडे त्याचीच जुनी प्रत आहे. मध्यंतरी बरीच नावं बदलली. पांढऱ्या झालरीच्या फुलाची छोटी कुमुदिनी कूकच्या वेळी लिम्नँथेमम होती, आता ती निम्फॉइडीस आहे. नवं नाव मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो, आणि त्याखाली मला ती कुठे दिसली ते तळं. यातल्या दोन तळ्यांना आता चारी बाजूंनी सिमेंटची भिंत आणि तळाला फरशी आहे. पाणी स्वच्छ दिसतं, लोक खूश आहेत. त्यातल्या एका तळ्यातली कुमुदिनी सध्या माझ्या परसातल्या टाकीत आहे, आणि तिची पिल्लं मी शेजारच्या तीन घरांत दिली आहेत.