दोन वाटा राखणारा अमात्य: रामचंद्रपंतांनी स्वराज्याची लाइन तुटू कशी दिली नाही?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज आणि खेड-शिवापूर मागे पडतं, वरवे बुद्रुक येतं आणि मग थोड्याच अंतरावर नसरापूरचा फाटा. राजगडाला जाणारी मंडळी तिथून आत वळतात. काही जण गुंजवण्याला गाड्या लावून पद्मावती माचीच्या चोर दरवाजाने चढतात. काही जण पाली गावाकडून येतात, तिथली वाट रुंद, पायऱ्यांची. तिसरा आळू दरवाजा संजीवनी माचीकडे. शिवाय गुंजवणे दरवाजा आहेच.

एका किल्ल्याला एवढे दरवाजे कशाला? दरवाजा जास्त म्हणजे शत्रूला आत शिरायची जागाही जास्त, असं कुणालाही वाटेल. या शंकेचं उत्तर ज्या ग्रंथात सापडतं, तो ग्रंथ म्हणजे आज्ञापत्र. आणि तो लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य.

राजगड काही रामचंद्रपंतांनी बांधला नाही. गडाचं काम सुरू होतं तेव्हा ते फार तर लहान मूल असतील. पण गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष आहे, हे त्यांनी नियम म्हणून लिहून ठेवलं. त्यांचं सांगणं असं: गड बघून दोन-तीन दरवाजे करावेत, शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात. रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या चिणून टाकाव्यात. वेळ आली की भिंत फोडायची आणि वाट मोकळी.

हाच नियम आज एखाद्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये गेलात तर कपाटातल्या निळ्या-पिवळ्या केबलींमध्ये दिसेल. प्रत्येक मजल्यावर एक नेटवर्क स्विच असतो. त्या मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर त्याला जोडलेले. हा स्विच पुढे मुख्य स्विचला ज्या केबलने जोडतात, तिला अपलिंक म्हणतात. अपलिंक एकच असेल आणि ती तुटली, तर अख्खा मजला बंद. म्हणून दुसरी केबल टाकायची.

पण नुसती दुसरी केबल खुपसली की घोळ होतो. एका केबलने गेलेला संदेश दुसरीने परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क त्या चक्रातच बसतं. यावरचा जुना उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री: स्विच स्वतःहून एक वाट बंद करून ठेवतो आणि चालू वाट तुटली तरच ती उघडतो. अगदी चिणून ठेवलेली चोरदिंडी. मात्र यात केबलचा खर्च दोनाचा आणि काम एकीचंच.

दुसरा उपाय लिंक अ‍ॅग्रिगेशनचा. यात दोन्ही केबली मिळून एकच अपलिंक आहे असं दोन्ही टोकांच्या स्विचना सांगितलं जातं. मग दोन्ही एकाच वेळी चालतात, कामाचा बोजा वाटून घेतात आणि एक तुटली तर उरलेली सगळा भार उचलते. साल 2000 मध्ये याचं मानक ठरलं. एलएसीपी नावाच्या पद्धतीत दोन्ही टोकं एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवून खातरजमा करतात की पलीकडचा आपल्याशीच जोडलेला आहे, आणि जोडणीबद्दल त्याची समजूतही आपल्यासारखीच आहे.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. रामचंद्रपंतांचं आयुष्य फिरलं ते तिथेच.

रामचंद्र नीलकंठ यांचा जन्म 1650 च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याचा हिशेब बघणारे. कल्याणच्या मोहिमेत गाजलेले आबाजी सोनदेव हे त्यांचे काका. घरात दफ्तर आणि तलवार दोन्ही. 1672 मध्ये वडील गेले. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून रामचंद्रपंत उभे होते, वय चोविशीच्या आसपास. पुढची पंधरा वर्षं पदं बदलली, मान कमी-जास्त झाला. ते सोडून देऊ आणि थेट 1689 ला येऊ, कारण खरी परीक्षा तेव्हा झाली.

फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. मोगल फौजेने रायगडाला वेढा घातला. गडावर महाराणी येसूबाई, लहानगे शाहू आणि राजाराम महाराज. म्हणजे छत्रपतींचं अख्खं घर एका गडावर, आणि गडाभोवती शत्रू. गडाला दरवाजे कितीही असोत, गडच पडला तर त्या दरवाजांचा काय उपयोग?

नेटवर्कवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. दोन केबली टाकल्या, पण दोन्ही एकाच मुख्य स्विचला जोडल्या आणि तो स्विचच जळला, तर दोन्ही केबली निकामी. किंवा दोन्ही एकाच चरातून नेल्या आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने तो चर उकरला, तरी तेच. दुसरी वाट खरोखर दुसरी हवी. वेगळ्या जागेवरून जाणारी, वेगळ्या ठिकाणी पोचणारी.

रायगडावर ठरलं ते असंच. राजाराम महाराजांनी एप्रिलमध्ये गड सोडला. प्रतापगड, पन्हाळा करत ते पुढे थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले. येसूबाई आणि शाहू मागे राहिले. नोव्हेंबर 1689 मध्ये रायगड पडला आणि ते दोघं कैदेत गेले. किंमत जबर होती, पण राजा मोगलांच्या हाती लागला नाही.

जिंजीला दरबार उभा राहिला. महाराष्ट्रातला कारभार मात्र रामचंद्रपंतांवर सोपवला गेला. हुकूमतपन्हा हा किताब त्यांना मिळाला. नुसता मान नव्हता तो. राजाची परवानगी यायची वाट न बघता निर्णय घ्यायचा अधिकार त्यात होता. जिंजीहून पन्हाळ्यापर्यंत निरोप यायचा तर शेकडो मैल, मधे मोगलांच्या चौक्या. प्रत्येक गोष्ट विचारून करायची म्हटली असती तर सगळं जागेवरच थांबलं असतं.

इथे एक फरक बारकाईने बघायला हवा. पन्हाळा-विशाळगडाचं केंद्र हे चिणून ठेवलेल्या दिंडीसारखं नव्हतं. जिंजी पडली तर वापरू, असं कुणी ठरवलं नव्हतं. दोन्ही केंद्रं पहिल्या दिवसापासून एकदम चालू होती. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कधी महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात मोगलांवर तुटून पडत. औरंगजेबाला झुल्फिकारखानासारखा सेनापती आणि मोठी फौज वर्षानुवर्षं जिंजीला अडकवून ठेवावी लागली. मोगलांची ताकद दोन ठिकाणी वाटली गेली. मराठ्यांचा राजा मात्र एकच, शिक्काही एकच. दोन केबली, एक अपलिंक.

भोरकरांचं नातं इथे जुळतं. रामचंद्रपंतांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे शंकराजी नारायण सचिव म्हणजे पुढच्या भोर संस्थानाचे मूळ पुरुष. मावळातले गेलेले किल्ले परत मिळवण्याचं काम त्यांनी केलं. तिकडे पन्हाळा परत आला तो परशुराम त्रिंबक यांच्या कर्तबगारीने. रामचंद्रपंतांनी अशी माणसं हाताशी धरली, त्यांना मोकळीक दिली, पैसा उभा केला.

पैसा नव्हताच खरं तर. म्हणून सरदारांना वतनं आणि जहागिऱ्यांची वचनं द्यावी लागली. नाही दिली असती तर मोगल द्यायला टपलेलेच होते. रामचंद्रपंतांचा सगळ्यात अवघड निर्णय कुठला असेल तर तो हा. कारण पुढे आज्ञापत्रात वतनदारांविषयी त्यांनी जेवढं कडक लिहिलंय तेवढं क्वचितच कुणाविषयी: हे लोक राज्याचे वाटेकरी होऊ बघतात, त्यांना जपावं पण मोकळं सोडू नये. स्वतः दिलेल्या औषधाचा त्रास स्वतःच बघितलेल्या माणसाचं हे लिखाण आहे.

1698 च्या सुरुवातीला जिंजी पडली. पण तोवर राजाराम महाराज निसटले होते आणि विशाळगडावर येऊन पोचले. एक लाइन तुटली, दुसरीने भार घेतला, राज्य बंद पडलं नाही. 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली, तरीही लढाई चालूच राहिली. औरंगजेब 1707 मध्ये दख्खनमध्येच मेला.

आणि मग जे झालं त्याला नेटवर्कच्या भाषेत स्प्लिट ब्रेन म्हणतात. मोठ्या ठिकाणी दोन मुख्य स्विच जोडीने काम करतात आणि बाकीच्यांना एकच असल्यासारखे दिसतात. पण त्या दोघांमधलाच दुवा तुटला तर प्रत्येकाला वाटतं की दुसरा मेला, आता मुख्य मीच. मग दोघंही हुकूम सोडायला लागतात. दोन्ही यंत्रं धडधाकट, पण खालच्यांनी ऐकायचं कुणाचं?

1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवर हक्क सांगितला. ताराबाईंनी तो मानला नाही. साताऱ्याला एक छत्रपती, पन्हाळ्याकडे दुसरे. ज्या माणसांनी अठरा वर्षं एक शिक्का जपला, त्यांनाच आता शिक्का निवडायचा होता. शंकराजी नारायणांनी ताराबाईंकडे शपथ घेतलेली होती, आणि समोर संभाजी महाराजांचा मुलगा. या पेचात त्यांनी त्याच वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं असं सांगितलं जातं. भोर तालुक्यात आंबवड्याला त्यांची समाधी आहे.

रामचंद्रपंत पन्हाळ्याच्या बाजूने राहिले. 1714 मध्ये तिथेही उलथापालथ झाली: ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. यामागे रामचंद्रपंत होते असं मानलं जातं. बरोबर केलं की चूक, यावर आजही वाद घालता येईल. राज्य दोन ठिकाणी चालवून एक ठेवणारा माणूस शेवटी एका घरातल्या भांडणात बाजू घेताना दिसतो, हे वाचताना अवघडल्यासारखं होतं खरं.

याच काळात, 1715-16 च्या सुमारास, आज्ञापत्र लिहिलं गेलं. ते कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने काढलेल्या हुकमाच्या रूपात आहे. आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत हा त्यातला भाग बहुतेकांना माहीत असतो. किल्ल्यांचा भाग मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे, विशेषतः पाण्याचा. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नका, असं ते बजावतात. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमकी तेव्हाच पाण्याची गरज वाढते. म्हणून राखीव पाण्याची दोन-चार टाकी वेगळी बांधा आणि ते पाणी एरवी खर्चू नका. पाणी तुटतं तेही नेमकं गरज वाढलेली असताना, हे वेढ्यांच्या काळात राज्य चालवलेल्या माणसालाच सुचेल.

एवढी तजवीज सांगणाऱ्या या ग्रंथात दोन छत्रपतींनी एकमेकांशी जुळवून कसं घ्यायचं, यावर मात्र उपाय सापडत नाही. रामचंद्रपंत 1716 मध्ये पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी गडावरच आहे. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह होऊन हद्दी ठरल्या, तेव्हा 1731 साल उजाडलं होतं.