स्तंभतीर्थाचे कारभारी : महामात्य वस्तुपाल

अबूच्या पर्वतावर देलवाड्याची मंदिरे पाहावयास गेलेला प्रत्येक यात्रेकरू वस्तुपाल-तेजपाल ही जोडनावे ऐकूनच परत येतो. संगमरवराच्या त्या नाजूक कोरीव कामापुढे भाविकाचे मस्तक आपोआप नम्र होते. परंतु ज्या हातांनी ही मंदिरे उभारण्याचा संकल्प सोडला, त्या हातांनी एका गजबजलेल्या बंदराचा कारभारही सांभाळला होता, जकातीचे हिशेब तपासले होते आणि प्रसंगी शस्त्रही धरले होते, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही. वस्तुपालांची कीर्ती मंदिरांमुळे टिकली. ती मिळविली मात्र त्यांनी राज्यकारभारात, आणि त्यातही विशेषेकरून स्तंभतीर्थ म्हणजे आजचे खंभात या नगरात.

कुल आणि काळ

वस्तुपालांचा जन्म अणहिलवाड पाटण येथील प्राग्वाट म्हणजे पोरवाड कुळात झाला. चंडप, चंडप्रसाद, सोम आणि अश्वराज अशी त्यांची वंशपरंपरा शिलालेखांतून मिळते. राजसेवा या घराण्याला नवी नव्हती. आजोबा सोम हे सिद्धराज जयसिंहाच्या सेवेत होते. अश्वराज व कुमारदेवी यांना लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल आणि तेजपाल हे चार पुत्र व सात कन्या झाल्या. थोरले लूणिग अकालीच निवर्तले. त्यांच्या वियोगाचे दुःख या भावंडांच्या मनात कायमचे राहिले आणि पुढे त्याच दुःखाचे एका अलौकिक मंदिरात रूपांतर झाले.

काळ मोठा कठीण होता. सिद्धराज आणि कुमारपाल यांच्या वेळचे गुजरातचे वैभव ओसरले होते. पाटणच्या गादीवर दुसरा भीमदेव होता, परंतु मांडलिक शिरजोर झाले होते. अशा वेळी धोळक्याचे वाघेला सरदार लवणप्रसाद आणि त्यांचा पुत्र वीरधवल यांनी राज्याची घडी पुन्हा बसविण्याचे काम अंगावर घेतले. त्यांना शूर योद्धे मिळत होते, उणीव होती ती विश्वासू कारभाऱ्यांची. विक्रम संवत १२७६ मध्ये, म्हणजे इ. स. १२१९-२० च्या सुमारास, वस्तुपाल व तेजपाल या बंधूंकडे मंत्रिपदाची मुद्रा सोपविण्यात आली. गिरनारच्या शिलालेखांतही याच वर्षाचा उल्लेख आहे.

या नेमणुकीविषयी प्रबंधग्रंथांत एक मार्मिक हकिगत सांगितली आहे. पद स्वीकारण्यापूर्वी या बंधूंनी वीरधवलास एक अट घातली. आज आपल्यापाशी जेवढे धन आहे तेवढे, उद्या राजाची मर्जी फिरली तरी, आपणास घेऊन जाता यावे, आणि तसे वचन आधीच मिळावे, अशी ती अट होती. वरवर पाहता ही व्यापाऱ्याची सावधगिरी वाटते. पण तिचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे. पदावर येण्याआधीची आपली शिल्लक त्यांनी राजासमोर उघड मांडली. आरंभीची बाकी एकदा लिहून ठेवली की पुढे वाढलेला प्रत्येक पैसा कोठून आला, हे विचारण्याचा अधिकार धन्याला मिळतो. हा अधिकार त्यांनी स्वखुशीने दिला.

बंदराचा कारभार

तेजपाल धोळक्यास राज्याच्या मुख्य कारभारात राहिले आणि वस्तुपालांकडे स्तंभतीर्थ आले. खंभात हे त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. कापड, नीळ, कातडी यांचा माल येथून अरबस्तान व इराणच्या किनाऱ्याकडे जात असे. जैन श्रेष्ठी, ब्राह्मण, परदेशी मुसलमान व्यापारी, खलाशी, विणकर असा नानाविध समाज तेथे नांदत होता. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची दीक्षा याच नगरीत झाली होती आणि त्या वेळचे खंभातचे कारभारी उदयन हेही जैन श्रावकच होते. सिद्धराजाच्या कारकिर्दीत येथील मशीद जाळली गेली, तेव्हा राजाने स्वतः चौकशी करून ती पुन्हा बांधण्यासाठी द्रव्य दिले, ही हकिगत मुहंमद औफी या फारसी ग्रंथकाराने वस्तुपालांच्याच काळात लिहून ठेवली आहे. या नगराची बाजारपेठ परस्परविश्वासावर उभी होती आणि विश्वास गेला तर जहाजे दुसऱ्या बंदराकडे वळण्यास वेळ लागत नव्हता.

वस्तुपाल आले तेव्हा तो विश्वास डळमळीत झाला होता. जुन्या अधिकाऱ्यांनी सरकारी येण्यावर हात मारला होता, दुर्बळांना लुबाडले जात होते आणि समुद्रावर चाच्यांचा उपद्रव होता. वस्तुपालांनी प्रथम जुन्या अधिकाऱ्यांचे हिशेब मागितले व दडविलेले द्रव्य वसूल केले. रयतेवर नवा कर बसविण्याऐवजी गळती बंद करून खजिना भरला आणि त्यातून सैन्य उभे केले. चाचेगिरीस त्यांनी पायबंद घातला, असे राजपुरोहित सोमेश्वर यांनी आपल्या कीर्तिकौमुदी या काव्यात नमूद केले आहे. नगरात विहिरी व पाणपोया झाल्या. ताक विकणाऱ्यांसाठी स्वतंत्र बांधकाम करून देण्यासारखी बारीक बाबही त्या काळच्या काव्यांत नोंदली गेली आहे. थोर कारभारी लहान विक्रेत्याच्या अडचणीकडेही पाहतो, हे यावरून दिसते.

हे सारे वर्णन आश्रित कवींनी केलेले आहे, त्यामुळे त्यातून स्तुतीचा भाग वजा करणे योग्यच ठरेल. परंतु वजावट करूनही बरेच शिल्लक राहते. सुमारे ७० वर्षांनंतर मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने खंभातचे वर्णन केले. तेथे चाच्यांचा वावर नाही व लोक व्यापार-उद्योगावर प्रामाणिकपणे जगतात, असा त्याचा अभिप्राय आहे. वस्तुपालांशी कसलाही संबंध नसलेल्या परक्या माणसाची ही साक्ष त्या नगराच्या शिस्तीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

अहिंसाव्रती आणि रणांगण

श्रावकाचे अणुव्रत पाळणाऱ्या वस्तुपालांची खरी कसोटी लागली ती युद्धाच्या वेळी. दक्षिणेकडून देवगिरीचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील आजच्या दौलताबादचा, यादव राजा सिंघण याच्या सैन्याने गुजरातेवर चाल केली आणि उत्तरेकडून मारवाडचे राजेही उठले. लवणप्रसाद व वीरधवल त्या आघाड्यांवर गुंतले असता लाटदेशाच्या शंख नावाच्या राजाने खंभातवर आपला वडिलोपार्जित हक्क सांगून स्वारी केली. प्रबंधकार सांगतात की कारभाराच्या शिस्तीला न जुमानणाऱ्या सादिक (काही ठिकाणी सैद) नावाच्या एका धनाढ्य समुद्रव्यापाऱ्याचे त्यास पाठबळ होते.

वस्तुपालांपुढे दोन मार्ग होते. खजिना घेऊन धोळक्यास निघून जाणे सोपे होते आणि अहिंसेच्या नावाखाली ते शोभूनही दिसले असते. पण मागे राहिलेल्या नगराचे काय झाले असते? गृहस्थाने जाणूनबुजून, संकल्पपूर्वक हिंसा करू नये, ही श्रावकधर्माची आज्ञा आहे. आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हेही शास्त्रकारांनी जाणले आहे. वस्तुपाल नगर सोडून गेले नाहीत. थोड्या सैन्यानिशी त्यांनी शंखास तोंड दिले व त्याला परतवून लावले. या लढाईत भुवनपाल नावाचा शूर योद्धा शंखाशी लढताना पडला. त्याच्या स्मरणार्थ जैन मंत्र्याने शिवमंदिर बांधविले. आपल्यासाठी प्राण देणाऱ्याचे स्मारक त्याच्या श्रद्धेप्रमाणे व्हावे, स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे नव्हे, ही समज विरळाच आढळते.

यादवांशी असलेला कलह पुढे तहाने मिटला. लेखपद्धति या ग्रंथात पत्रव्यवहाराचे नमुने दिलेले आहेत. त्यांत सिंघण व लवणप्रसाद यांच्यातील तहाचा मसुदा संवत १२८८ या मितीचा आहे. एकमेकांच्या सीमेचा मान राखावा, असा त्याचा आशय आहे.

अनुपमादेवींचा सल्ला

राज्य स्थिरावले तसे या कुटुंबाचे ऐश्वर्यही वाढले. त्याबरोबर ते धन कोठे ठेवावे, हा प्रश्न आला. परंपरेने सांगितलेली कथा अशी की यात्रेस जाताना वाटेत चोरांचे भय म्हणून दोघे बंधू काही द्रव्य जमिनीत पुरण्यासाठी खणू लागले, तो तेथेच दुसऱ्या कोणी पुरलेले सोने हाती लागले. आता एवढ्या धनाचे काय करावे, असे त्यांनी तेजपालांच्या पत्नी अनुपमादेवी यांना विचारले. धन पर्वताच्या शिखरावर ठेवावे, म्हणजे ते सर्वांना दिसेल पण कोणालाही चोरता येणार नाही, असा सल्ला त्यांनी दिला. कथेचा तपशील कसाही असो, पुढे घडले ते याच सल्ल्याप्रमाणे.

संवत १२८७ मध्ये, इ. स. १२३० साली, अबूवर श्री नेमिनाथ भगवंतांच्या लूणवसही मंदिराची प्रतिष्ठा आचार्य विजयसेनसूरी यांच्या हस्ते झाली. शोभनदेव हे त्याचे स्थपती. अकाली गेलेल्या थोरल्या बंधूंचे, लूणिगांचे नाव या मंदिराशी कायमचे जोडले गेले. कारागिरांच्या सोयी-गैरसोयीकडे अनुपमादेवी जातीने लक्ष देत, असे परंपरा सांगते. लगेच नंतर गिरनारवर वस्तुपालविहाराची उभारणी झाली. संवत १२७७ मध्ये मोठा संघ घेऊन वस्तुपालांनी शत्रुंजय व गिरनारची यात्रा केली होती आणि पुढेही ते पुनःपुन्हा तेथे जात राहिले. अन्य धर्मीयांच्या देवस्थानांनाही त्यांनी साहाय्य केल्याच्या नोंदी आहेत.

ज्ञानोपासना

वस्तुपाल स्वतः कवी होते. वसंतपाल या नावाने ते ओळखले जात. श्रीकृष्ण व अर्जुन यांच्या मैत्रीवर त्यांनी नरनारायणानंद हे संस्कृत महाकाव्य रचिले. त्यांच्या भोवती जमलेल्या विद्वानांत सोमेश्वरांसारखे वैदिक ब्राह्मण होते, तसेच उदयप्रभसूरी, बालचंद्रसूरी, जयसिंहसूरी यांसारखे जैन मुनीही होते. पाटण, खंभात व भरूच येथे त्यांनी ग्रंथभांडारे स्थापिली, अशी परंपरा आहे. खंभातच्या शांतिनाथ भांडारात धर्माभ्युदय या ग्रंथाची संवत १२९० ची ताडपत्री प्रत जतन झाली असून ती स्वतः वस्तुपालांच्या हातची असल्याची नोंद तिच्यावर आहे. नगराचा कारभार, सैन्य, जकात या सर्व व्यापातून वेळ काढून महामात्याने लेखणीने ताडपत्रावर एकेक अक्षर उतरविले, यापेक्षा ज्ञानभक्तीचे दुसरे प्रमाण कोणते हवे!

अखेर आणि वारसा

कारभार सांभाळताना पुढची पिढी तयार करण्याकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. संवत १२७९ पासून त्यांचे पुत्र जयंतसिंह स्तंभतीर्थाचा कारभार पाहत होते, असे गिरनारच्या लेखांवरून कळते. वीरधवलाच्या मृत्यूनंतर विसलदेव गादीवर आला. संवत १२९६ मध्ये, इ. स. १२४० साली, प्रकृती खालावली असता वस्तुपाल शत्रुंजयाच्या यात्रेस निघाले. परंतु तीर्थदर्शन होण्यापूर्वी वाटेतच, अंकेवालिया या गावी, त्यांनी देह ठेवला. तेजपालांनी पुढे काही वर्षे राज्याची धुरा वाहिली.

काळाने पुढे खंभातचे बंदर गाळाने भरून टाकले. ज्या धक्क्यांवर देशोदेशीची जहाजे लागत, तेथून समुद्र मागे हटला. अबूच्या मंदिरांनाही १४ व्या शतकाच्या आरंभी आक्रमणाची झळ पोहोचली. पण थोड्याच वर्षांत, संवत १३७८ मध्ये, पेथड नावाच्या श्रावकाने लूणवसहीचा जीर्णोद्धार केला. हे कसे घडू शकले, याचे उत्तर शोधू गेल्यास मंदिरातील शिलालेखाकडे वळावे लागते.

त्या लेखात केवळ दात्यांची स्तुती नाही. मंदिराचा कारभार पुढे कोणी पाहावा, याची व्यवस्था त्यात कोरून ठेवली आहे. मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल हे तिघे बंधू आणि त्यांचे वंशज यांच्याबरोबरच चंद्रावती येथील अनुपमादेवींच्या माहेरच्या मंडळींवरही पूजाअर्चा व देखभालीची जबाबदारी सोपविली आहे. वार्षिक अष्टाह्निक महोत्सवाचा एकेक दिवस आसपासच्या गावांतील श्रावकांना वाटून दिला आहे. परमार राजा सोमसिंह याने पूजेच्या खर्चासाठी डवाणी हे गाव दिल्याची नोंदही तेथेच आहे. ज्यांनी सारा खर्च केला त्यांनी सारा मान स्वतःकडे ठेवला नाही. कामाचा भार वाटला, म्हणून आपुलकीही वाटली गेली आणि मूळ कुटुंब काळाआड गेल्यावरही मंदिराला वारस उरले.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा एक विश्वस्तलेखच होय. द्रव्य उभे करणारे दाते प्रत्येक पिढीत निघतात. द्रव्याचा हिशेब उघडा ठेवणारे, परक्याच्या श्रद्धेचा मान राखणारे आणि आपल्या पश्चात काम चालावे म्हणून अधिकार वाटून देणारे कारभारी मात्र क्वचितच लाभतात. महामात्य वस्तुपाल हे अशा कारभाऱ्यांतील अग्रणी होते. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!