मल्लवीर खाशाबा जाधव

कृष्णा व कोयना या दोन नद्यांचा जेथे संगम होतो, त्या कऱ्हाड नगरीजवळ गोळेश्वर नावाचे एक लहानसे खेडे आहे. सातारा जिल्ह्यातील इतर खेड्यांसारखेच हेही एक शेतकऱ्यांचे गाव. याच गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देण्याचा मान पुढे याच खाशाबांना लाभला.

खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात तालमीचे वातावरण असल्यामुळे अगदी लहान वयातच त्यांच्या अंगाला आखाड्याची माती लागली. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, हौद्यातील माती खणून ती मऊ करावी, वडिलांकडून एकेक डाव शिकावा आणि मग शाळेची वाट धरावी, असा त्यांचा दिनक्रम असे. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत. तेथे वडिलांबरोबर जाऊन हा चिमुकला मल्ल आपल्याहून थोराड मुलांशी झुंजत असे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी विद्यार्थी खाशाबांनीही आपला वाटा उचलला.

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी! राजर्षी शाहू महाराज स्वतः उत्तम मल्ल होते. त्यांनी गावोगावच्या होतकरू मुलांना आश्रय दिला, तालमी बांधल्या, मल्लांच्या खुराकाची सोय केली. परदेशच्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे भव्य कुस्ती मैदान उभारले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठकांची वर्तुळे अशी त्याची रचना आहे. कोठेही बसले, तरी हौद्यातील कुस्ती स्पष्ट दिसते. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींतून पहाटेपासून शड्डूंचे आवाज घुमत. अशा नगरीत खाशाबांसारख्या तरुणाचे मन न रमले तरच नवल!

त्यांनी राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु सुरुवातीलाच एक अडचण उभी राहिली. खाशाबांचा बांधा ठेंगणा व सडपातळ. त्यामुळे महाविद्यालयाच्या वार्षिक कुस्ती स्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास क्रीडाशिक्षक तयार होईनात. एवढासा मुलगा धिप्पाड मल्लांपुढे काय टिकणार, असे त्यांना वाटले. खाशाबा निराश झाले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी आपल्याला एकदा संधी देण्याची विनंती केली. प्राचार्यांनी ती मान्य केली. स्पर्धेच्या दिवशी या ठेंगण्या तरुणाने एकामागून एक बलदंड प्रतिस्पर्ध्यांना अस्मान दाखवले, तेव्हा सर्वांनी तोंडात बोटे घातली. खाशाबांचे बळ केवळ बाहूंत नव्हते; ते त्यांच्या चपळाईत आणि तल्लख बुद्धीत होते. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक काखेत पकडून त्याला क्षणार्धात उलथून पाडणारा ढाक हा डाव तर त्यांच्या हातचा खास हुकमी डाव होता. बाबुराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्या अधिकच तयार झाली.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. या स्पर्धेसाठी खाशाबांची निवड झाली. त्यांच्या प्रवासाच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खेड्यातील हा तरुण सातासमुद्रापलीकडे गेला खरा. परंतु तेथे त्याच्यापुढे अगदीच नवे संकट उभे होते. लंडनला मातीचा हौदा नव्हता. तेथे कुस्ती खेळायची ती गादीवर!

माती आणि गादी यांत फार मोठा फरक आहे. मातीत पाय रुततो, त्यामुळे मल्लाला आधार मिळतो. गादीवर पाय सरकतो. मातीतील निकाली कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत चालते. गादीवरील कुस्तीला मात्र वेळेचे बंधन असते. प्रतिस्पर्धी चीत झाला नाही, तर त्या काळी दोघांचे कौशल्य पाहून पंच निकाल देत. जन्मभर मातीत खेळलेल्या खाशाबांना हे सारे अपरिचित होते. अमेरिकेतील माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी तेथे भारतीय मल्लांना गादीवरील कुस्तीचे धडे दिले. परंतु वेळ फारच थोडा होता. तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांवर विजय मिळवला. पुढे इराणच्या मल्लाकडून त्यांना हार खावी लागली. सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांचा सहावा क्रमांक आला.

पहिल्याच प्रयत्नात जगात सहावा क्रमांक मिळवणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. पण खाशाबांना ती पुरेशी वाटली नाही. आपण कोठे कमी पडलो, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. पराभवाचे खापर त्यांनी गादीवर फोडले नाही. ते परत आले आणि गादीवरील कुस्तीचे नियम व डावपेच आत्मसात करण्याच्या मागे लागले. पुढील चार वर्षे त्यांनी अहोरात्र मेहनत केली. या काळात त्यांचे वजनही वाढले व ते वरच्या, म्हणजे ५७ किलो वजनाच्या गटात खेळू लागले.

१९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धा फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे व्हायच्या होत्या. परंतु तेथवर पोहोचणे हीच खाशाबांच्या दृष्टीने एक खडतर परीक्षा ठरली. निवडीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची खात्री होती. कोणाचीही निंदानालस्ती न करता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज क्रीडाप्रेमी होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपला हक्क सिद्ध केला.

निवड तर झाली. पण आता पैशांचा प्रश्न उभा राहिला. फिनलंडला जाण्यायेण्याचा व तेथील वास्तव्याचा खर्च कोण देणार? ज्या राज्यकर्त्यांनी पूर्वी मल्लांना आश्रय दिला, त्यांची संस्थाने आता भारतात विलीन झाली होती. शासनाकडे अर्ज करूनही पुरेसे साहाय्य मिळेना. शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम कोठून असणार? खाशाबांनी दारोदार फिरून मदत मागितली. गोळेश्वरच्या व आसपासच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. कोणी रुपया दिला, कोणी दोन रुपये. तरीही रक्कम पुरी होईना. दिवस मात्र भराभर सरत होते.

अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. आपल्या विद्यार्थ्याची योग्यता ते जाणून होते. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये खाशाबांच्या हाती ठेवले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. खाशाबा विजयी होऊन परततील, याची कोणीही हमी देऊ शकत नव्हते. ते हात हलवीत परत आले असते, तर कदाचित गुरूच्या डोक्यावरचे छप्परही गेले असते. तरीही खर्डेकरांनी मागेपुढे पाहिले नाही. आपल्या पाठीवर केवढा विश्वास टाकला गेला आहे, हे खाशाबांनी ओळखले. या ऋणाची जाणीव मनात ठेवूनच त्यांनी फिनलंडची वाट धरली.

फिनलंड हा उत्तर युरोपातील सरोवरांचा आणि अरण्यांचा देश. हिवाळ्यात तो बर्फाने झाकून जातो, आणि तेथील लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून कित्येक मैल घसरत जातात. उन्हाळ्यात मात्र तेथे रात्री उशिरापर्यंत सूर्यप्रकाश असतो. अशा त्या दूरच्या देशात १९ जुलै १९५२ रोजी स्पर्धांना आरंभ झाला. फिनलंडचा जगप्रसिद्ध धावपटू पाव्हो नुर्मी हाती क्रीडाज्योत घेऊन मैदानात आला, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी त्याचा जयजयकार केला. कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे हेही भारताच्या पथकात होते. कोल्हापूरच्या मातीत घडलेले दोन मल्ल एकाच वेळी जगाच्या आखाड्यात उतरले होते.

आता गादी खाशाबांना परकी राहिली नव्हती. त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना एकापाठोपाठ एक हरवले. या लहानखुऱ्या भारतीय मल्लाची चपळाई पाहून प्रेक्षक थक्क झाले. शेवटच्या टप्प्यात त्यांच्यासमोर दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी होते. एक जपानचा शोहाची इशी आणि दुसरा सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु खाशाबांना ती विश्रांती मिळाली नाही. त्यांची बाजू मांडण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे उपस्थित नव्हता. खाशाबांना तेथील भाषेत वाद घालता येत नव्हता. दमलेल्या शरीराने ते पुन्हा गादीवर उतरले आणि शेवटपर्यंत झुंजले. या दोन्ही कुस्त्यांत त्यांना हार पत्करावी लागली. इशी सुवर्णपदकाचा व मम्मदबेयोव रौप्यपदकाचा मानकरी ठरला, आणि तिसऱ्या क्रमांकाचे कांस्यपदक खाशाबांना मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. केशव माणगावे यांचा त्यांच्या गटात चौथा क्रमांक आला. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

भारताच्या हॉकी संघाने ऑलिंपिकमध्ये पूर्वीही सुवर्णपदके मिळवली होती. परंतु एकट्या खेळाडूने स्वतःच्या बळावर पदक जिंकण्याचा प्रसंग स्वतंत्र भारताच्या इतिहासात प्रथमच घडला होता. असा प्रसंग पुन्हा येण्यास तब्बल ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशाला खाशाबांची पुन्हा आठवण झाली.

खाशाबा मायदेशी परतले. कऱ्हाडच्या स्थानकावर त्यांच्या स्वागतासाठी जनसागर लोटला होता. ढोल-लेझीम आणि हलगी यांच्या गजरात शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरकडे निघाली. एरवी थोड्या वेळात संपणारी ती वाट त्या दिवशी संपता संपेना. ज्यांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतून रुपया-दोन रुपये वर्गणी दिली होती, त्या सर्वांना हे पदक आपलेच वाटत होते. आणि खरोखरच ते त्यांचेही होते.

सत्काराचे हार कोमेजण्यापूर्वीच खाशाबा पुढच्या कामाला लागले. ते काम होते ऋणमुक्तीचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः कुस्त्या जिंकल्या आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवले. पदक जिंकणारे पुष्कळ असतात. परंतु विजयाच्या धुंदीत असतानाही गुरूचे ऋण आठवून ते प्रथम फेडणारे थोडेच. खाशाबांचा खरा मोठेपणा येथे दिसून येतो.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकमध्ये भाग घेण्याची त्यांची आशा मात्र मावळली. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे २७ वर्षे निष्ठेने सेवा केली. साहाय्यक पोलीस आयुक्ताच्या पदावरून ते निवृत्त झाले. देशाला अपूर्व मान मिळवून देणारा हा पुरुष अनेक वर्षे उपेक्षितच राहिला. पण त्याबद्दल त्यांनी कोठे कुरकुर केली नाही. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा क्रीडाज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना देण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

जिवंतपणी जे मिळाले नाही, ते पुढे हळूहळू त्यांच्या नावाला मिळत गेले. २००० साली त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या दुसऱ्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले. तेही कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातलेच, हा योगायोग मोठा सुखद आहे.

खाशाबांच्या चरित्रातून एक गोष्ट लक्षात येते. आखाड्यात मल्ल एकटाच उतरतो. तेथे त्याला स्वतःच्याच बळावर लढावे लागते. परंतु त्याला त्या आखाड्यापर्यंत पोहोचवणारे हात अनेक असतात. वडिलांनी दिलेली विद्या, वस्तादांनी शिकवलेले डाव, गावकऱ्यांनी दिलेला रुपया आणि गुरूने गहाण टाकलेले घर, या सर्वांच्या आधारावर खाशाबा हेलसिंकीच्या गादीवर उभे राहिले. ते हा आधार कधीही विसरले नाहीत. पराभवाने ते खचले नाहीत, अन्यायाने कडवट झाले नाहीत आणि विजयाने उन्मत्तही झाले नाहीत. म्हणूनच गोळेश्वरच्या त्या ठेंगण्या मल्लाची उंची आज कोणत्याही मापाने मोजता येत नाही.