प्रोफेसर केरूनाना छत्रे

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथील अनेक मुले दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून घेतात आणि त्यानंतर अकरावीच्या शास्त्र शाखेत प्रवेश करतात. त्या दिवसापासून पदार्थविज्ञानाचे रूपच त्यांना पालटल्यासारखे वाटते. काल ज्याला ते ‘त्वरण’ म्हणून ओळखत होते, तेच आज ‘ॲक्सिलरेशन’ हे नाव धारण करून त्यांच्यापुढे उभे राहते. विषय कठीण, आणि त्यात भाषाही परकी! पुष्कळ हुशार मुले या उंबरठ्यावर अडखळतात. विद्यापीठात जाण्यापूर्वीची ही दोन वर्षे त्यांना डोंगरासारखी भासतात.

हाच डोंगर एका मराठी मुलाने सुमारे एकशेऐंशी वर्षांपूर्वी चढून दाखविला. त्या वेळी मुंबईचे विद्यापीठ स्थापन व्हावयाचे होते; ते १८५७ साली निघाले. नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, आणि तेथील हिस्लॉप कॉलेज निघण्यास १८८३ साल उजाडावयाचे होते. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांचीही वाण होती. अशा काळात पदार्थविज्ञान शिकून पुढे ज्यांनी ते मराठी मुलांना मराठीत शिकविले, त्या केरो लक्ष्मण छत्रे यांचे हे चरित्र आहे. लोक त्यांना आदराने केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म १८२५ च्या सुमारास अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागांत वसलेले हे गाव समुद्राच्या काठी आहे. छत्रे हे आडनाव मराठी शिक्षणाच्या इतिहासात तेव्हाही अपरिचित नव्हते. ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ ही पुस्तके मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले. केरूनाना शिक्षणासाठी मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले.

तेथे त्यांना गुरू लाभले ते मोठ्या योग्यतेचे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच संस्थेत अध्यापन करीत होते. गणित, ज्योतिष आणि पदार्थविज्ञान हे विषय आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार नावाचे इंग्रज प्राध्यापक शिकवीत. ते १८३५ साली विलायतेहून आले होते. कोकणातून आलेल्या मुलांना न्यूटनचे गतिनियम आणि ग्रहांच्या कक्षांचे गणित थेट इंग्रजीतून शिकावयाचे होते. पाठांतर करून वेळ निभावून नेता आली असती. पण ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखाली केरूनानांना या शास्त्रांची खरी गोडी लागली. पुढे देशाचे पुढारी झालेले दादाभाई नौरोजीही याच संस्थेचे विद्यार्थी. ते केरूनानांच्याच वयाचे होते, आणि तेही आधी गणिताचे व पदार्थविज्ञानाचेच प्राध्यापक झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली होती. १८४१ सालापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेण्यास आरंभ झाला. याच सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या वयात, केरूनाना त्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

हे काम कसे असे, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या चुंबकीय वेधशाळांत लोहचुंबकाची एक पट्टी बारीक तंतूने टांगलेली असे. तिला एक लहानसा आरसा जोडलेला असे. काही अंतरावर दुर्बीण आणि आकड्यांची पट्टी मांडून, त्या आरशात दिसणारा आकडा वाचावयाचा. चुंबक केसभर हलला तरी आरशातील आकडा स्पष्टपणे सरकतो. पृथ्वीचे चुंबकत्व दिवसाच्या प्रहरांप्रमाणे किंचित बदलते, ते या युक्तीने कळते. निरीक्षकाच्या खिशातील चाकू किंवा कमरेची किल्ली एवढ्यानेही वेध बिघडावयाचा! शिवाय वायुभारमापक आणि तापमापक यांचे आकडे टिपणे हेही होतेच. झोप आली, पाऊस कोसळला, तरी नेमलेली वेळ टळून चालत नसे. कारण गटिंगेनचे गणिती गाउस यांच्या प्रेरणेने जगातील अनेक वेधशाळा ठरलेल्या दिवशी एकाच वेळी असे वेध घेत असत, आणि ते सर्व एकमेकांशी ताडून पाहावयाचे असत. कुलाब्यातील एक चुकलेला आकडा दूरदेशीच्या गणितात खटकला असता.

केरूनाना या वेधशाळेत सुमारे दहा वर्षे होते. वर्गात ऐकलेले शास्त्र येथे त्यांच्या हाताडोळ्यांत उतरले. माझ्या मते त्यांचे खरे महाविद्यालय हेच. पदवी त्यांना मिळाली नाही, कारण ती देणारे विद्यापीठच तेव्हा नव्हते.

१८५१ साली ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. ज्ञान आपल्यापुरते ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शाळांतील मुलांसाठी त्यांनी गणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके मराठीत लिहिली. परक्या भाषेत शिकलेली गोष्ट स्वतःच्या भाषेत मांडणे हे शिकण्याहूनही अवघड काम आहे. कारण त्यात न समजलेला भाग लपविता येत नाही. ज्यांनी कधी तसे करून पाहिले असेल त्यांना हे पटेल.

१८६५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाची पदवी नसलेला हा मनुष्य आता पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. त्यांच्या शिष्यांत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे होते. टिळकांना गणित आणि ज्योतिष यांची जी आवड जन्मभर राहिली, तिला या गुरूच्या सहवासाने मोठेच बळ मिळाले.

तथापि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कार्य वर्गाबाहेरचे होते. महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून तयार होत. कोकणातील नांदगावच्या या थोर ज्योतिषाने तो १५२० च्या सुमारास रचला होता. ग्रंथ उत्तमच होता. पण सव्वातीनशे वर्षांत लहानलहान फरक साठत गेले आणि गणिताने आलेले ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळेनासे झाले. केरूनानांनी नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० साली प्रसिद्ध केले. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नव्या गणिताचे पंचांगही निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग होय.

लोकांनी त्याचे स्वागत केले असते तर नवलच! गणिताबरोबर राशिचक्राचा आरंभबिंदूही त्यांनी बदलला होता, त्यामुळे संक्रांतीचा दिवस आणि क्वचित अधिक महिनादेखील वेगळा येऊ लागला. आजोबा-पणजोबांनी ज्या दिवशी सण केला तो दिवस सोडून द्यावयाचा, हे सामान्य माणसाला कसे रुचावे? जुन्या पंचांगाची सवय सुटली नाही आणि नव्याचे अनुयायी थोडेच राहिले. माझ्या मते लोकांची अडचणही खोटी नव्हती. सण एकट्याने साजरा होत नसतो. परंतु केरूनानांनी आपले गणित मागे घेतले नाही. पुढे टिळकांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आणि ती टिकून राहिली.

१८७७ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांचा काही संबंध असावा काय, या प्रश्नाकडेही त्यांचे लक्ष होते. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या वेधशाळेत उमेदवारी केली तिचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले. १८५९ च्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावर प्रचंड उत्पात होऊन सर्व पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्यास टिपलेले आकडे आजचे शास्त्रज्ञही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक चुंबकांचे वेध बिघडले असते. म्हणून शांत जागा शोधून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा नव्या ठिकाणी सुरू करण्यात आली. ते ठिकाण म्हणजे अलिबाग. नागाव तेथून दोन-तीन कोसांवर आहे.